पडीक आगर पुन्हा चालू करताना : शिरोडा (सिंधुदुर्ग), हंगाम २०२५

काम : खाडीकाठच्या वडिलोपार्जित मिठागराचा दक्षिण कोपरा पुन्हा चालू करणे. एक साठवणीचा मोठा खण, दोन तापवण्या (पाणी उन्हात दाट करायचे खण), सहा वाफे (मीठ धरायचे). पंप लावायचा नाही; भरती, उतार आणि हात यांवरच चालवायचं. माणसं : तात्या (आईचे चुलते, बारीकसारीक सगळं त्यांना ठाऊक), काकी, दादा (खर्चाची वही त्याच्याकडे), लागतील तसे दोन कामकरी. मोजमाप आणि या नोंदी माझ्याकडे.

७ जानेवारी

आगर फिरून पाहिलं. बाहेरचा बांध तीन ठिकाणी खचलाय, पण फुटलेला नाही. आतल्या मेरा (वाफ्यांमधले छोटे बांध) जवळपास सपाट झाल्यात. वाफ्यांत गुडघ्याच्या खालपर्यंत पावसाचं आणि खाडीचं मिसळलेलं पाणी, त्यावर शेवाळाची हिरवी साल. मानशीची (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची) लाकडी दारं शाबूत आहेत, एक फळी बदलावी लागेल.

उत्तरेकडचे वाफे या कामात का घेतले नाहीत असं पुढे कोणी विचारील, म्हणून लिहून ठेवते. तिथे तिवरं आलीत, काही माझ्या खांद्याएवढी. भरतीबरोबर बिया येतात आणि आगर दोन-चार वर्षं पडीक राहिलं की चिखलात रुजतात. एकदा तिवर उभं राहिलं की त्याला हात लावता येत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरच्या कांदळवनांना संरक्षण दिलं, आणि ते योग्यच आहे. खाडीतल्या कोळंबीपासून किनाऱ्याच्या धुपेपर्यंत सगळं त्या मुळांवर उभं आहे. म्हणजे उत्तरेचा भाग आता मिठाचा राहिला नाही. दक्षिण कोपरा अजून मोकळा आहे. तोही आणखी थोडी वर्षं तसाच ठेवला असता तर हा प्रश्नच उरला नसता.

दादाने वहीत पहिली ओळ लिहिली : 'मानस दुरुस्ती, एक फळी, फणसाची.' फणसाचं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं, यावर तात्या आणि सुतार यांचं एकमत आहे. बाकी कशावरही नाही.

१० जानेवारी

ओहोटीला मानस उघडून आतलं पाणी बाहेर सोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत निम्मं उतरलं. पाण्याबरोबर मासळी निघाली : शेतकं, खेकडे, थोडी कोळंबी. मानशीच्या तोंडाशी जाळी लावून काकीने पकडली. आगरातलं पहिलं उत्पन्न मीठ नसून कालवण असतं.

१५ जानेवारी

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले. उधाणाच्या भरतीला बाहेरचा बांध कुठे पाझरतो ते पाहायला दुपारी सगळे बांधावर. इकडे उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास असतं, मुंबईच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे आपले बांध उंचीने बेताचे, पण पाणी आत घ्यायची संधीही तेवढीच बेताची. पंधरवड्यातून मोजके दिवसच खाडी मोठ्या खणापर्यंत चढते.

पाझर सापडले. एकेका पाझराला एकेक कुर्ली जबाबदार. बीळ बाहेरच्या बाजूला दिसतं ते एक, आतून फाटे पाच. तात्यांची पद्धत : बीळ आधी काठीने उकरून रुंद करायचं, मग घट्ट निळसर गाळाचा गोळा हाताने आत ढकलत न्यायचा, वरून टाच मारायची. नुसतं तोंड बुजवलं तर कुर्ली दुसऱ्या दिवशी शेजारून निघते.

गाळ कुठला घ्यायचा यावरही नियम आहेत. वरचा काळा, वासाचा गाळ चालत नाही. त्यात कुजलेली मुळं असतात आणि सुकला की भेगा पडतात. हातभर खालचा चिकट निळा गाळ लागतो. तो खणून, पाटीतून वाहून, बांधावर थापायचा. या कामाचे फोटो काढायला अर्थात कोणी येत नाही. तात्या म्हणाले, "मीठ बघूक सगळे येतत, चिखलाक कोणच येणा नाय."

२९ जानेवारी

अमावस्या. नवी फळी बसवली. मानस बंद करून भरतीला पाहिलं, थेंब नाही. दारांच्या फटींत सुंभ आणि चिखल भरलाय.

खाडीच्या पाण्याची डिग्री, म्हणजे दाटपणा, मोजली (बोमे मापकाने, यापुढे नुसतं डिग्री लिहीन). सव्वादोन. उघड्या समुद्राचं पाणी साधारण साडेतीन असतं. नद्या-ओहोळांचं गोडं पाणी अजून खाडीत येतंय. म्हणून जानेवारीत घाई करून पाणी भरण्यात अर्थ नाही, तोवर तळाचं काम उरकायचं.

६ फेब्रुवारी

वाफे कोरडे झाले. शेवाळाची साल सुकून कडक झाली की फावड्याने तुकडे निघतात. ती सगळी उचलून बाहेर टाकली. तिचा एक तुकडा जरी तळात राहिला तरी पुढे तिथे कुजून फुगवटा येतो आणि तळ फुटतो. खालचा वीतभर थर उलटून उन्हाला दिला.

कामकऱ्यांच्या पायांना भेगा पडायला लागल्यात. काकीने उंडीचं तेल आणून ठेवलंय, संध्याकाळी घरी जाताना सगळ्यांनी लावायचं असा तिचा दंडक. बुटांचा प्रयोग दादाने करून पाहिला. चिखलाने एक बूट ठेवून घेतला.

१८ फेब्रुवारी

आजपासून तळ. हीच या सगळ्या कामाची मध्यवर्ती गोष्ट, म्हणून सविस्तर लिहिते.

उलटलेल्या मातीवर बोटभर खारं पाणी सोडायचं आणि पायांनी तुडवायचं. एका कोपऱ्यातून सुरू करून, ओळीने, पावलाला पाऊल लावून. पहिल्या दिवशी पाय पोटरीपर्यंत रुततो. ते पाणी आटू द्यायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा तुडवायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पाय घोट्याच्या खाली थांबतो. मग लाकडी पाटा ओढून सपाटी. सपाटी पाण्यानेच तपासायची : दोन बोटं पाणी सोडलं की उंचवटे आपोआप बाहेर दिसतात. नंतर माती अर्धवट ओली असताना पेटण्याने (लाकडी चोपणीने) ठोकायचं. जुन्या घरांत जमीन करताना चोपतात तसंच, पण इथे खाली ओला गाळ असल्याने ठोका जोरात बसला तर पाणी वर येतं आणि माती पुन्हा मऊ पडते. हलका, सारखा ठोका. काकीचा ठोका कानाला घड्याळासारखा लागतो, माझा नाही.

ठोकून झालं की रात्रभर सुकवायचं आणि सकाळी भेगा पडायच्या आत पुन्हा खाऱ्या पाण्याचा हात फिरवायचा. हे चक्र तळ टणक होईपर्यंत.

कारण साधं आहे. आकडा मांडून पाहिला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅम, त्यांतलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर मिठासाठी किमान ३७ लिटर पाणी उडायला हवं. ते उन्हाने उडालं तर मीठ मागे राहतं. तळातून झिरपलं तर मीठही घेऊन जातं. आणि झिरपतं ते शेवटच्या टप्प्याचं, सगळ्यात मेहनतीने दाट केलेलं पाणी. तात्यांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं : "तळ धरल्याशिवाय मीठ धरूचा नाय गो चेडवा."

वाफे एक ते चार तयार. पाच आणि सहाचं काम बाकी.

२८ फेब्रुवारी

अमावस्येचं उधाण. बाराच्या सुमाराला भरती टेकली आणि मानस उघडली. खाडी पावणेतीन डिग्री. मोठा खण पावणेदोन तासांत भरला, पाणी गढूळ होतं. तिथे ते दोन दिवस शांत ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं निवळ पाणी पहिल्या तापवणीत.

मोठा खण सगळ्यात उंचावर, तापवण्या त्याखाली, वाफे सगळ्यात खाली. मेरेला हाताने खाच पाडली की पाणी पुढे जातं, चिखलाचा गोळा लावला की थांबतं. एवढीच नळदुरुस्ती.

१२ मार्च

पहिली तापवणी ९ डिग्री, दुसरी १४. उद्या होळी. पुढचे काही दिवस कामकरी येणार नाहीत. शिमग्यात इकडे कोणाला कामाला बोलावणं म्हणजे स्वतःचा पाणउतारा करून घेणं. पाणी मात्र सुट्टी घेत नाही. ऊन कडक आहे, दुपारनंतर पश्चिमेचा वारा.

दुसऱ्या तापवणीच्या तळाला हाताला वाळूसारखं खरखरीत लागतंय. ते जिप्सम. पाणी तेरा-चौदा डिग्रीच्या पुढे गेलं की मिठाच्या आधी ते खाली बसतं. ते तापवणीतच बसावं यासाठी तर तापवणी आहे. पाणी घाईने वाफ्यात नेलं तर हीच खरखर मिठात येते. मी विचारलं, वाफे रिकामेच आहेत तर सोडायचं का थोडं? "कच्चा आसा पाणी," तात्या बोट बुडवून म्हणाले. त्यांनी मापक पाहिलाही नव्हता.

२१ मार्च

दुसरी तापवणी २४ ला टेकली. सकाळी आगराच्या राखणदाराला नारळ ठेवला, तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात पाऊस लांबव, तळ राख, कुर्ल्यांना दुसरीकडे वाट दाखव, हे सगळं होतं. आम्ही 'व्हय महाराजा' म्हणून मोकळे झालो. मग वाफे एक ते चारमध्ये चार-चार बोटं पाणी सोडलं.

तात्यांच्या खुणा टिपून ठेवते, मापक फुटला तर उपयोगी पडतील. पिकलेलं पाणी दोन बोटांत चोळलं की तेलकट, निसरडं लागतं. वाऱ्याच्या उलट्या कोपऱ्यात फेस जमतो आणि तो लवकर विरत नाही. हातावर सुकलेल्या थेंबाचा डाग पांढरा आणि कडक असतो, पिठूळ नाही. मी तिन्ही वेळा डिग्री ताडून पाहिली. तात्या 'पिकला' म्हणाले तेव्हा मापक २४ आणि २५ यांच्या दरम्यान होता.

२४ मार्च

दुपारी दीडला वाफा क्रमांक दोनच्या पाण्यावर पातळ पापुद्रा दिसला. वारा पडला की जुळतो, वारा आला की तुटून बुडतो. जवळून पाहिलं तर पापुद्रा म्हणजे उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे पोकळ कण, कडेकडेने वाढत जाणारे. जड झाले की तळाला जातात आणि तिथे भरीव खडे होतात. २५ डिग्री.

२८ मार्च

पहिलं मीठ ओढलं. मळकट, थोडं लालसर, हाताला चिखल लागतो. नव्या तळाचं पहिलं मीठ असंच येतं. हे विकायचं नाही, माडांना घालायचं. नारळाच्या आळ्यात मीठ घालायची चाल इकडे जुनीच आहे. आमच्याच माडांनी हा घाणा संपवला.

पहिल्या ओढणीने तळावर जणू लिंपण होतं, बारीक भेगा मिठाने बुजतात. दुसऱ्या खेपेपासून रंग सुधारतो म्हणतात. पाहू.

२ एप्रिल

पाडवा झाला. आता रोजचा क्रम बसला, तो एकदा लिहिते म्हणजे पुन्हा लिहायला नको.

पहाटे साडेपाचला वाफ्यावर. ओढायच्या वाफ्यातलं पाणी अंगठ्याच्या पेराइतकं उरलेलं असतं. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ मधून कडेकडे ओढायचं. फळी तिरकी धरायची. सरळ धरली तर तळ खरवडते आणि सगळा घाणा काळा. काकी मेरेवर उभी राहून ओढते, वाफ्यात पाय ठेवत नाही. लोखंडी अवजार वाफ्यात चालत नाही, एक तर गंजतं आणि दुसरं, तळाला जखम करतं. ओढलेलं मीठ तिथल्याच पाण्यात दोनदा खळबळून मेरेवर घ्यायचं. गोड्या पाण्याने धुवायचा प्रश्नच नाही, विरघळून जाईल. मिठाला मिठाच्याच पाण्याने धुवावं लागतं, कारण ते पाणी आणखी मीठ पोटात घेऊ शकत नाही.

मेरेवर छोटे ढीग. दिवसभर त्यांतून पाणी निथळतं. दुसऱ्या दिवशी टोपल्या भरून डोक्यावरून बांधापर्यंत, तिथे मोठी रास. ओल्या मिठाची टोपली सुक्यापेक्षा बरीच जड, म्हणून एक दिवस थांबणं ही चैन नसून मानेची काळजी आहे. राशीला शंकूचा आकार देऊन बाहेरून थापायचं, वर माडाच्या झावळ्या.

साडेनऊनंतर वाफ्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. खालून वरून सारखाच उजेड. मग सावलीत बसून नोंदी, दादाची वही, पेज. दुपारी एकदा येऊन वाफ्यातलं मीठ हलक्या हाताने मोडायचं, नाहीतर तळाला एकसंध थर धरतो आणि ओढताना उचकटावा लागतो. संध्याकाळी तापवणीतून वाफ्यात पाण्याची भर. पाणी दिवसा सोडत नाहीत. संध्याकाळी सोडलेलं पाणी रात्रीत शांत बसतं.

ओढणी एका वाफ्याची दर चार-पाच दिवसांनी, पाळीपाळीने.

९ एप्रिल

दोन गोष्टी.

पहिली : वाफ्यांतलं पाणी गुलाबी-विटकरी दिसायला लागलंय. शहरातून आलेल्या पाहुण्यांना वाटलं की कोणी रंग टाकला. इतक्या खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळाचा एक प्रकार असतो, त्यांचा हा रंग. आगरवाल्यांना तो हवाच असतो, कारण गडद पाणी ऊन जास्त शोषतं आणि लवकर तापतं. मीठ निथळलं की रंग जातो.

दुसरी : जागेचं गणित. मीठ पडायला लागेपर्यंत पाण्याचं आकारमान मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतं. म्हणजे दहातलं नऊ भाग पाणी वाफ्याच्या बाहेरच उडवावं लागतं. आमच्या वाफ्यांच्या मानाने तापवण्या आणि मोठा खण मिळून दसपट भरत नाहीत, पाच-सहा पट असतील. त्यामुळे वाफे अधूनमधून भुकेले राहतात. शिवाय पाणी जितकं दाट तितकं ते उडायला सुस्त. २५ डिग्रीचं पाणी खाडीच्या पाण्यापेक्षा बरंच हळू आटतं. दादा म्हणत होता, पाच आणि सहा नंबरचे वाफेही तयार करून टाकू, उत्पन्न वाढेल. वाढणार नाही. भांडी वाढवून भात वाढत नाही. पाच नंबरची मेर तोडून त्याची तिसरी तापवणी केली, सहा नंबर यंदा तसाच ठेवला.

शेकाट्यांची एक जोडी मोठ्या खणात रोज येते. तुतवार आणि चिखले बरेच. तापवणीपासून पुढे एकही पक्षी उतरत नाही.

१७ एप्रिल

वाफा एक ३० डिग्रीच्या वर गेला. अजून पाणी आहे, मीठही पडतंय, तरी तात्यांनी ते सोडून द्यायला लावलं. "आता ह्या पाणी सोडून देवा. कडू झाला."

जिभेला लावून पाहिलं. खारट नंतर, आधी कडूच. मीठ पडून गेल्यावर मागे उरतात ते मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. हाव धरून तेही आटवलं तर मिठात उतरतात, आणि असं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं. चांगल्या मिठाची ओळख म्हणजे ते कधी थांबवलं. वाफा रिकामा करून तळ एक दिवस सुकवला, पेटण्याचे चार हात मारले, नवं पाणी घेतलं.

दुसऱ्या खेपेपासूनचं मीठ खरंच उजळलंय. पूर्ण पांढरं नाही, राखी झाक आहे. ती चिखलाची आहे आणि राहणार.

२६ एप्रिल

विक्री. मीठ कुठे जातं त्याचा नकाशा मनात होता, आता वहीत आहे. सुकी मासळी करणारे सगळ्यात आधी आले. बांगडे खारवायला जाडं मीठच लागतं, बारीक मीठ वरच्या वर चिकटून बसतं आणि आत जात नाही. मग आमसुलं करणारे, कारण रातांब्यांचा हंगाम सुरू झालाय. लोणच्याच्या कैऱ्यांसाठी शेजारपाजारच्या बायका डबे घेऊन. माड आणि आंबेवाले पोती घेऊन.

वाण्याच्या दुकानात मात्र हे मीठ जाऊ शकत नाही. थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६च्या मे महिन्यापासून देशभर बंदी आहे. आयोडीन मिसळायचं तर पोटॅशियम आयोडेटचा फवारा, त्याचं मोजमाप, तपासणी, पाकीट, परवाना; गिऱ्हाइकापर्यंत पोचताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. ओलसर जाड्या मिठात ते टिकवणं अवघड, निथळणाऱ्या पाण्याबरोबर उतरत जातं. गलगंडाविरुद्धची ही मोहीम खरी आहे आणि तिचा फायदाही खरा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्यापुरता अर्थ इतकाच की हे मीठ 'खारवण्यासाठी, खतासाठी' म्हणूनच विकायचं. दादाने पोत्यांवर तसं लिहिलंय.

भावाची स्पर्धा करण्यात हशील नाही. देशातलं चार-पंचमांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेत होतं. तिथे सपाट जमीन मैलोन्‌मैल आणि हवा कोरडी. कच्छच्या छोट्या रणात तर समुद्राचं पाणी घेतच नाहीत, जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, जे मुळातच समुद्राच्या कितीतरी पट दाट असतं. आम्ही पावणेतीनपासून सुरुवात करतो, तेही दमट हवेत. शेतकरी मागेल तेव्हा दारात, पोत्याच्या ओझ्याचं भाडं न भरता मिळणारं मीठ, एवढीच आमची बाजू.

३ मे

सकाळी ओढणी उरकून तेरेखोल खाडीपलीकडे गोव्यात, पेडण्यातल्या आगरवाड्याला जाऊन आलो. तिथली मिठागरं अजून चालतात. मेरा आमच्यापेक्षा अरुंद, वाफे लहान. एका आगरात पाणी फिरवायची वाट नागमोडी केलेली, पाणी जास्त वेळ उन्हात राहावं म्हणून. ही युक्ती तिसऱ्या तापवणीत करता येईल. आत दोन आडव्या मेरा घातल्या की झालं.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मी शिरोड्याची म्हटल्यावर हसून विचारलं, तुमचं मीठ आमच्याकडे येतं की आमचं तुमच्याकडे? एकेकाळी हा थट्टेचा विषय नव्हता. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांच्या हाती गेला. १८९२ला तह संपला. इंग्रजांना भीती हीच की करमुक्त गोवेकरी मीठ सरहद्द ओलांडून इकडे येईल. आज ज्या पुलावरून दहा मिनिटांत आम्ही पलीकडे गेलो, त्याच खाडीच्या दोन काठांवर एकाच पाण्याचं मीठ दोन कायद्यांचं होतं.

१२ मे

वाफे दोन आणि तीन ओढले. आजवरचा सगळ्यात चांगला घाणा, खडे मोठे आणि कोरडे.

संध्याकाळी गावात मिठाच्या सत्याग्रहाबद्दल बोलणं निघालं. ६ एप्रिल १९३०ला दांडीला गांधीजींनी मीठ उचललं आणि मे महिन्यात शिरोड्याला महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले. इथेच का, याचं उत्तर आगरात उभं राहिलं की मिळतं. मे हा हंगामाचा शेवट. राशी भरलेल्या, सरकारी मोजदाद व्हायची असलेलं मीठ बांधावर उघडं पडलेलं. मूठभर उचलून नेणं हाच गुन्हा होता. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही त्याच दिवसांत तेच झालं. मिठावरचा कर गेला तो १९४७ साली.

तात्यांना या विषयात रस आहे, पण वेगळा. सत्याग्रह्यांनी मीठ उचललं हे सगळे सांगतात. ते मीठ ज्यांनी ओढलं त्यांची मजुरी त्या वर्षी मिळाली का, हे कोणी सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

१४ मे

दुपारी चारला वळवाची सर, वीसेक मिनिटं. मी धावत वाफ्यात उतरणार तेवढ्यात काकी ओरडली, "पाण्यात पाय घालू नकात!" कारण नंतर कळलं. २५ डिग्रीचं पाणी लिटरला १२०० ग्रॅमच्या वर भरतं, पावसाचं पाणी १०००. न ढवळता ठेवलं तर पाऊस वर तरंगत राहतो. सर थांबल्यावर मेरेच्या वरच्या काठाला उथळ खाच पाडली आणि तो थर अलगद बाहेर काढला. खालचं मीठ वाचलं. मापकाने पाहिलं : वरून काढलेलं पाणी ४, खालचं २३.

राशींवर झावळ्यांचा आणखी एक थर. दादा ताडपत्री आणायला गेला.

१९ मे

हवामान खात्याचा अंदाज चांगला नाही. गोवा-कोकणासमोर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होण्याची शक्यता. एरवी या दिवसांत अजून दोन आठवडे ओढणी चालते आणि वर्षाचं सगळ्यात कोरडं, सगळ्यात पांढरं मीठ याच दोन आठवड्यांत निघतं. तात्यांनी निर्णय घेतला : उद्यापासून नवं पाणी वाफ्यात घ्यायचं नाही. आहे ते ओढा, राशी कोठारात न्या.

२१ मे

रात्रीपासून पाऊस, थांबायचं नाव नाही. काल अंधार पडेपर्यंत टोपल्या वाहिल्या. शेजारच्या आगरांतली माणसंही आली, आमचं संपल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. बांधावरची शेवटची रास अर्धी आत आली, अर्धी ताडपत्रीखाली आहे. वाफा चारमध्ये ओढायला आलेलं मीठ होतं. ते आता खाडीत.

२६ मे

मोसमी पाऊस काल सिंधुदुर्गात दाखल झाल्याचं जाहीर झालं. केरळात २४लाच पोचला, २००९नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. इकडे साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहायची असते. फक्त आमचं नुकसान झालं असं नाही. मासळी वाळवणारे, आमसुलं वाळवणारे, आंबापोळीवाल्या, सगळ्यांची वाळवणं अंगणातून घरात आली. आमच्याकडून आधी मीठ नेलेल्या एका बाईंची सोलं अर्धवट वाळलेलीच आहेत, त्यांनी आणखी मीठ मागितलं. दिलं.

ताडपत्रीखालची रास खालून झिजलीय, वरून ठीक आहे.

५ जून

वाफे, तापवण्या, खण सगळं एक झालंय. मानस वर करून ठेवली, आता पाणी येईल-जाईल तसं. तळावर गोडं पाणी उभं राहिलं तरी चालतं. कोरडा पडून उन्हाने फुटण्यापेक्षा पाण्याखाली राहिलेला बरा.

हिशेब. मजुरी, फणसाची फळी, ताडपत्री, टोपल्या, टेम्पो हे सगळं धरून खर्च निघाला आणि वर थोडं उरलं, तेही तात्या, काकी, दादा आणि माझी मजुरी धरली नाही म्हणून. ती धरली तर तोटा. दादाने हे लाल शाईने लिहिलंय आणि ते तसंच राहू दे. पावसाने खाल्लेले दोन आठवडे मिळाले असते तर आकडा काळ्या शाईच्या जवळपास आला असता, पण किती, ते सांगणं कठीण.

कोठारात राहिलेलं मीठ गणपतीपर्यंत जाईल. श्रावणात नारळांना घालायला काही पोती आधीच सांगून ठेवलीत.

पुढच्या हंगामासाठी :

तिसऱ्या तापवणीत आगरवाड्यासारख्या आडव्या मेरा. सहा नंबरचा वाफा कायमचा सोडून त्याची माती बाहेरच्या बांधाला. तळाचं काम फेब्रुवारीऐवजी जानेवारीच्या मध्यालाच सुरू करायचं, खाडी पातळ असली तरी. तळाला दाट पाणी लागत नाही, आणि शेवटचे दिवस जाणार असतील तर सुरुवातीचे मिळवायला हवेत. तात्यांना हे पटलेलं नाही. जानेवारीत रात्री दव जास्त, तळ सुकत नाही, असं ते म्हणतात. एक वाफा माझ्या पद्धतीने, तीन त्यांच्या, असं ठरलंय.

दक्षिणेच्या बांधावर तिवराची दोन रोपं दिसली, वीतभर. बांधाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, तिथे ती लाटांपासून बांध राखतील. आतल्या अंगाला बी पडू नये म्हणून मानशीला बारीक जाळी लावायची, ती ऑगस्टच्या आधी.